समुद्र सोडून दुसरी जागा

प्रिय आई,
लांबूनच पाया पडते.

फोनवर माझा आवाज ऐकलास की रडतेस, म्हणून लिहितेय. मी बरी आहे. पुण्यात मासे मात्र शिळेच मिळतात. बाबा अजून संध्याकाळचे बंदरावर जाऊन बसतात का?

संमोहनाच्या वर्गात आता कुठली पद्धत शिकायची ते ठरवायचंय. एक हुकमाची. सर दरडावतात आणि माणूस डोळे मिटतो. ती तुझ्यावर चालायची नाही, तू कधी कुणाचं ऐकलंयस! दुसरी हळू बोलत बोलत निजवण्याची. तीच घेणार होते. तुला झोप लागावी म्हणूनच तर शिकतेय.

काल सरांनी ती सगळ्या वर्गावर करून दाखवली. म्हणाले, "तुम्ही समुद्रकिनारी आहात. लाटा येतायत. मन शांत होतंय." सगळे पेंगले. मी उठून बाहेर आले. दादाची होडी परत आली नाही, हे इथे कुणाला ठाऊक नाही.

नंतर सर म्हणाले, समुद्र नको तर घरातली एखादी शांत जागा घ्या. मग मी मनातच पडवीपासून मागल्या दारापर्यंत फिरून आले.

आई, समुद्र ऐकू येत नाही अशी जागाच नाही गं आपल्या घरात.

तुझी,
शमिका