रोवेनाची उडी जाते कुठे?

तीर्थरूप मोनिंगताईस,

आपल्या रीतीप्रमाणे नमस्कार म्हणून तुझा हात कपाळाला लावून धाकटा क्रिसांतो लिहितो, की इकडे सगळं ठीक. कोरिंगचा (ती शेजारीच लसूण सोलतेय, तेव्हा बायकोबद्दल चांगलंच लिहितो) रक्तदाब उतरलाय, डुकरीण व्यायलीय. तुझी तब्येत कशी आहे? माझं मात्र डोकं फिरलंय, आणि तेही पोरींच्या उड्यांपायी.

आमची लेक रोवेना व्हॉलीबॉल खेळताना जमिनीवर कमी आणि हवेत जास्त असते, हे तुला ठाऊकच आहे. गेल्या महिन्यात इलोइलो शहरातल्या कॉलेजातून निवड करायला एक बाई आल्या. बोटांना खडू लावून उडी मारायची, भिंतीवरच्या रेघेच्या वर हात पोचला तर शिक्षण, राहणं, जेवण सगळं कॉलेजचं. नाहीतर पोरगी कोरिंगच्या भावाच्या सुक्या मासळीच्या दुकानात बसणार, आणि तिला त्या वासानंच उलटी होते. नेस्तोर कोचनं आधी पोरींचं अंग छान गरम करून घेतलं. पळवलं, पाय झुलवले, हलक्या उड्या मारायला लावल्या. (पूर्वी हाच बाबा त्यांना पाय ताणून तासन्‌तास बसवायचा. आता म्हणतो, त्यानं उडी कमी होते. घ्या!) तेव्हा रोवेनाचा हात रेघेच्या वीतभर वर लागला. पण बाई अजून पोचायच्या होत्या. त्या आल्यावर रीतसर उद्घाटन, फादरची प्रार्थना, आणि कप्तान (गावाचा, संघाचा नव्हे) म्हणून माझे दोन शब्द. ताई, काय भाषण झालं म्हणून सांगू! बंधाऱ्यापासून सुरुवात केली, जुन्या वादळावर आलो, संडासांच्या योजनेपर्यंत तर लोक डोळे मिटून ऐकत होते. पोरी शिस्तीत उभ्या, अंगावर शहारे. आणि मग रोवेना उडाली ती रेघेच्या खाली! ढसाढसा रडली गं पोर.

तेव्हापासून मी कारण शोधतोय. बूट बदलले. तापल्या अंगावर गार पाणी पडून शिरा धरल्या असतील म्हणून मालीशवाल्या म्हातारीला बोलावलं. कोच म्हणतो, "कप्तानसाहेब, अंग गरम झालं की लगेच उडी हवी. मधे उभं राहिलं की सगळं गार." मी म्हटलं, "अरे, पण पोरींना मधे उभं करतंय कोण?" तर आपली शिट्टीच पुसायला लागला. त्यालाही कळत नाही! परवा गावातल्या उडीच्या स्पर्धेत मी "बंधुभगिनींनो" म्हणालो आणि वीजच गेली. माईक बंद, भाषण राहिलं. आणि रोवेनानं रेघ सहज ओलांडली! आता विजेचा पायांवर परिणाम होतो का? वायरमनला विचारलं, तर म्हणे, "साहेब, जेवलात का?"

तुझा भाऊ,
क्रिसांतो

ता. क. बाई रविवारी पुन्हा येणार, ही शेवटची संधी. उडीआधी पोरींना पुरेशी विश्रांती मिळावी म्हणून या वेळी भाषण दुप्पट करतोय. तुझ्याकडे काही चांगले विचार असतील तर लगेच पाठव.

वन्सं, मी कोरिंग. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. विचार वगैरे काही पाठवू नका. रविवारी सकाळी आठाच्या ठोक्याला, ह्यांचं भाषण सुरू व्हायच्या आत, ह्यांना फोन करा आणि कशावरूनही भांडण काढा. तुमचा फोन मधेच ठेवायची ह्यांची छाती नाही. रोवेनाची उडी झाली की मी एवढ्या मोठ्यानं ओरडेन, की तुम्हाला तिकडे ऐकू येईल. मग सोडा त्यांना.