एका मध्यमवयीन नागरिकाचा खोकला

६ फेब्रुवारी
नात चार दिवसांची झाली. मी तिला अजून दारातूनच पाहतो आहे. लेकीचं घर आमच्याच वर, मध्ये सतरा पायऱ्या. सतराव्या पायरीवर सीमारेषा! दाराला कागद डकवलाय — 'डांग्या खोकल्याची लस घेतलेल्यांनीच बाळाला घ्यावे. लस घेऊन पंधरा दिवस झालेले असावेत.' खाली सही. बापाशी पत्रव्यवहार.

म्हटलं, "अगं, मला डांग्या खोकला होऊन गेलाय. साडेतीन वर्षांचा असताना. एकदा झाला की झाला."
"बाबा, त्याला पन्नास वर्षं झाली. ती ताकद टिकत नाही. मोठ्या माणसाला नुसता खोकला येतो, एवढ्याशा बाळाचा श्वास अडकतो."
"मला नुसता खोकलासुद्धा नाही."
"मग लस घ्यायला काय हरकत आहे?"

शाळेत असताना हिला वादविवाद मीच शिकवला होता. करावे तसे भरावे.

७ फेब्रुवारी
न्यायशास्त्रात प्रमाणं चार. आमच्या लेकीच्या दर्शनात एकच — लसीचं कार्ड. तेव्हा मी आप्तवाक्याचा आधार घ्यायचं ठरवलं. आप्त म्हणजे आई. वय एक्क्याऐंशी, आणि जुन्या घरी शेजारीण चाळणी घेऊन गेली ती कुठल्या वारी, हे अजून पाठ.

"आई, मला डांग्या खोकला झाला होता ना? मावशी सांगायची, वाघासारखा खोकायचा म्हणून. सांग बरं माझ्या लेकीला."
आई मटार सोलत होती. "झाला होता."
"किती दिवस होता?"
"पंखा कमी कर जरा."
पंखा बंद होता. साक्षीदार फितूर.

९ फेब्रुवारी
योगायोग म्हणावा की कट? कात्रीने नेमका हाच विषय गळ्यात मारला. (कात्री म्हणजे आमचे मुख्य उपसंपादक. माझ्या दहा ओळींतल्या सहा कापल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.) ज्यांना हा आजार होऊन गेलाय ते मोठेपणी लस घेतात का — सहाशे शब्द, उद्या संध्याकाळपर्यंत.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरणाऱ्यांची समजूत काढता येते हो. 'मला झालाय' म्हणणाऱ्यांची नाही. ते पदवीधर असतात." मी हसलो, जरा उशिरा.

मग सगळीकडे विचारत फिरलो. मुद्रितशोधक म्हणाले, "आमचं रक्त कडू आहे, जंतू थुंकून टाकतो." वितरणातला ड्रायव्हर म्हणाला, "एकदा लग्न केलेल्याला कुणी पुन्हा मुलगी दाखवतं का?" अकरा जणांना आजार होऊन गेलेला, लस घेणारी एकटी टेलिफोनवरची बाई.

शेवटाला एक ठसठशीत वाक्य कमी पडत होतं. तेव्हा लिहिलं — एक मध्यमवयीन नागरिक म्हणाले, 'अनुभव हीच खरी लस.' नियमात बसत नाही, ठाऊक आहे. पण खोटं नाही. तो नागरिक आहे. त्याची दाढी मी रोज करतो.

११ फेब्रुवारी
छापून आलं. सकाळी सतरा पायऱ्या चढलो तर दारावरच्या कागदाखाली माझ्याच बातमीचं कात्रण. 'अनुभव हीच खरी लस'खाली लाल रेघ. खाली लेकीचं अक्षर — 'हे गृहस्थ आल्यास आत घेऊ नये.'

जावई दारात उभा. "बाबा, मी काही बोलत नाही. मला इथेच राहायचंय."

बायकोने लस महिन्यापूर्वीच घेतली, मला न सांगता. दिवसभर वर असते. संध्याकाळी अंगाला बाळाचा वास घेऊन खाली येते आणि मुद्दाम माझ्या शेजारी बसते. छळही किती सुसंस्कृत असावा!

१३ फेब्रुवारी
नागरिकाच्या नावे तेवीस पत्रं. एकोणीस शिव्या, चार अभिनंदनं. अभिनंदनांनीच जास्त वाईट वाटलं.

कात्री खूश. "त्या माणसाचा फोटो आण."
"ते प्रसिद्धीपराङ्मुख आहेत."
"मग त्याला लस घ्यायला लाव, आणि त्यावर लिही. मतपरिवर्तन! चार कॉलम देतो."
चार कॉलम मला आयुष्यात दोनदाच मिळालेत.

१४ फेब्रुवारी
सकाळी आईने विचारलं, "ते केंद्र किती वाजता उघडतं?" ज्या बाईने दाताच्या डॉक्टरची सुई पाहून घरी परत यायची रिक्षा केली होती, तिने!

घेऊन गेलो. खुर्चीत बसली, स्वतःच बाही वर केली, डोळेही मिटले नाहीत. सिस्टरने विचारलं, "आजी, हा खोकला कधी झाला होता?"
"मला नाही." मग माझ्याकडे बोट. "याला झाला होता. यालाही द्या."
सिस्टर म्हणाली, "काका, बसा."
अनुभव या विषयावर दोन शब्द बोलावेत म्हणून मी तोंड उघडलं.
"तोंड नको," आई म्हणाली. "हात."
दिला.

१५ फेब्रुवारी
दंड ठणकतोय. मतपरिवर्तन लिहून दिलं. शेवटचं वाक्य होतं — 'नागरिकांनी मातोश्रींची आज्ञा शिरसावंद्य मानली.' कात्री म्हणाले, "आई काढ. कुणाला पटणार नाही."

२२ फेब्रुवारी
आठ झाले, सात उरले. नात जांभई देते, असं ऐकतो.

१ मार्च
पंधरा दिवस पुरे. लेकीने कार्ड उलटसुलट पाहिलं, कागद दारावरून काढला आणि बाळ माझ्या मांडीवर दिलं. इतकं हलकं. लेक आत गेली. शेजारी आई होती.

"तुझ्या पाठीवर एक बहीण होती," आई म्हणाली. "दोन महिन्यांची. तू खोकत होतास, तरी तिला सोडायचा नाहीस. तोंडाला तोंड लावून गोष्टी सांगायचास. तू दीड महिन्यात बरा झालास. ती आठवडाभर होती."

मी पन्नास वर्षं तो खोकला मिरवला. आईने एकदाही टोकलं नाही.