पाखऱ्याचे हरभरे

आणे,
२० नोव्हेंबर २००५

प्रिय हर्षाली,

मामीने पाठवलेली लसणाची चटणी मिळाली असेल. आपला बैल पाखऱ्या बरा आहे. परवा पेरणीला धरला, पण मला त्याच्या पाठीवर थाप मारवेना.

गणपती उठल्यावर तू वजनकाटा, बाटल्या नि कागद घेऊन आलीस. मला समजावलंस, की वैरणीतून बैलाच्या पोटात नत्र किती गेलं ते मोजलं, तर शेणामुतातून किती पडेल ते आधीच सांगता येतं. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, पण लगेच पटलं बघ. एकवीस दिवस पाखऱ्या एकाच दाव्यावर, पुढ्यात तोललेला कडबा नि पेंड, मागे मुताची बादली. बाकी कशाला तोंड लावू द्यायचं नाही. विद्यापीठातल्या तुझ्या सरांना तू म्हणालीस, माझा मामा लिहील त्यात काडीचा फरक नसेल. मी लई फुगलो, नि त्यातच अडकलो.

भादवी पोळ्याला जोडीचा बैल शिंगं रंगवून वेशीत गेला. पाखऱ्या दावं ताणून हंबरत राहिला. मामीने पाच पुरणपोळ्या त्याच्यापुढे ठेवल्या, मी नको म्हणालो नाही. बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही! सणाला कोंडलं म्हणून तो माझ्याकडे बघेना. पुढचे पाच दिवस मी त्याला रोज शेरभर भिजवलेले हरभरे चारले, नि कागदावर मात्र कडबा नि पेंड एवढंच लिहिलं.

पोरी, तुझं गणित चुकलं नव्हतं. मुतात नत्र वाढलं ते त्या हरभऱ्यांनी. दिवाळीत आकडे जुळेनात म्हणून तू फोनवर विचारलंस, दुसरं काही पोटात गेलं का? मी ठासून म्हणालो, “चिमूटभर नाही.” सांगावं तर तुझा शब्द खोटा पडतो, न सांगावं तर तुझे आकडे. दाव्यावर आता मीच आहे, असं वाटतं.

काल तुझी आई, आमची मंगल, येऊन गेली. आकडे तू घरी बसून रचलेस असं सरांना वाटतं, नि तू शिक्षण सोडून परत यायचं म्हणतेस, हे तिच्याकडून कळलं. म्हणून लिहायला बसलो. हे पत्र सरांच्या हातात दे. सणाच्या पुरणपोळ्या नि पाच दिवसांचे हरभरे मापासकट वेगळ्या कागदावर लिहून खाली सही केली आहे. अठ्ठावीस तारखेला, सोमवारी, पहिल्या एसटीने येतो नि सरांसमोर स्वतः सांगतो. सरांना मला काय बोलायचं ते बोलू देत. तू मध्ये पडू नकोस.

तुझाच,
चिमाजीमामा