व्हॅनवरच्या तोंडाबाबत

प्रति,
मा. विद्यार्थी तक्रार अधिकारी,
वायकोरा कम्युनिटी कॉलेज,
टौरंगा.

विषय : दंतसहाय्यक अभ्यासक्रमातील माझी क्लिनिकची जागा परत मिळण्याबाबत, तसेच दातांवरील उपचार एका अटीवर स्वीकारण्याबाबत.

संदर्भ : माझ्या तक्रारीवरील आपला निर्णय व त्यासोबतचा प्रस्ताव.

अर्जदार : सौ. कल्याणी सुशील निखाडे, पापामोआ.

महोदय,

१. मी आपल्या कॉलेजात फेब्रुवारीपासून दंतसहाय्यकाचे प्रशिक्षण घेत आहे. अर्ज स्वतःच्या भाषेत लिहिला तरी चालेल, भाषांतर कॉलेज करून घेईल, असे आपल्या कार्यालयाने कळवल्यामुळे मराठीत लिहीत आहे. इंग्रजी मला येते. या देशात आल्यावर किवीफळे पेट्यांत भरण्याच्या पॅकहाउसमध्ये अनेक हंगाम मी इंग्रजीतच काम केले. पण मन चिडलेले असले की माझे इंग्रजी तुटते, आणि तुटक इंग्रजीतली तक्रार लोक हसून ऐकून घेतात, असा माझा अनुभव आहे.

२. माझे माहेर यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ आहे. गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त होते. तसले पाणी पिऊन वाढलेल्या मुलांचे दात तपकिरी होतात, त्यांवर खड्डे पडतात, आणि कितीही घासले तरी ते डाग जात नाहीत. माझ्या शाळेत बहुतेकांचे दात असेच होते. त्यामुळे लग्न होऊन पुण्याला येईपर्यंत हे दिसायला वाईट असते हे मला माहीतच नव्हते. पुण्यात ते कळले. तेव्हापासून मी तोंडावर हात ठेवून हसते. दंतसहाय्यकाचे काम निवडण्यामागे एक कारण असेही होते की त्या कामात दिवसभर मास्क असतो. प्रवेशाच्या मुलाखतीत मी हे बोलले नव्हते. आता लपवण्यासारखे काही उरलेले नाही म्हणून लिहीत आहे.

३. आमच्या प्रशिक्षिका डॉ. मृदुला याही पुण्याच्या. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना माझे आडनाव वाचून त्यांनी सर्वांदेखत मराठीत विचारले, "कुठली गं तू?" त्या दिवशी मी घरी जाऊन चकल्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांना डबा भरून नेला. पुढे असे डबे बरेच गेले.

मार्चमध्ये एकमेकींचे तोंड तपासण्याचा सराव होता. माझी जोडीदार टेसा नावाची मुलगी होती. तिने माझे तोंड उघडून पाहिले, तिचा हात थबकला आणि तिने बाईंना हाक मारली. बाईंनी दिवा ओढून आत पाहिले आणि मराठीत म्हणाल्या, "अगं कल्याणी, तुझं तोंड म्हणजे खजिना आहे खजिना." मग वळून वर्गाला इंग्रजीत म्हणाल्या, "सगळ्या इकडे या." ओठ ओढून धरणारा प्लास्टिकचा चाप त्यांनी मला लावला. तो लावल्यावर बोलता येत नाही, नीट गिळता येत नाही, लाळ हनुवटीवर ओघळते. एकेक मुलगी आरसा घालून बघून गेली. बाईंनी पुष्कळ फोटो काढले. मध्येच म्हणाल्या, "अजून थोडं मोठं कर गं, राणी." मी केले. माझ्या भाषेत इतक्या मायेने मला कोणी बऱ्याच दिवसांत काही सांगितले नव्हते. फोटो कशाला, असे मी नंतर विचारले. त्या म्हणाल्या, "वर्गापुरते गं."

४. आपल्या कॉलेजची दंतआरोग्याची व्हॅन शाळाशाळांतून फिरते. जूनमध्ये तिच्या बाजूवर नवीन चित्र लागले. ते माझे तोंड होते, चापासकट, व्हॅनच्या दाराएवढे. खाली इंग्रजीत लिहिले होते, "ब्रश केला नाही तर." मी लहानपणापासून सकाळ-रात्र दात घासते.

मी बाईंच्या केबिनमध्ये गेले. त्या जेवत होत्या. मी म्हटले, हे फ्लोराइडचे डाग आहेत, तुम्ही स्वतः डॉक्टर आहात, तुम्हाला दिसतेच आहे. त्यावर त्या जे बोलल्या ते जसेच्या तसे देते : "शाळेतल्या पोरांना मी फ्लोराइड समजावत बसू का? त्यांना भीती समजते. आणि तुझं तोंड बघून वाटते भीती, त्याला मी काय करू? त्यात तुझं नाव आहे का कुठे? डोळे तरी आहेत का? कोण ओळखणारे तुला?" मी दारापर्यंत गेल्यावर त्या मागून म्हणाल्या, "चकली मात्र छान झाली होती हं परवाची."

५. माझी मुलगी ओवी अकरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळे समजते, उत्तर ती इंग्रजीत देते. ती व्हॅन तिच्या शाळेत गेली हे मला माहीत नव्हते. मला फक्त एवढे दिसत होते की ओवी फार वेळ दात घासते आणि बेसिनमध्ये गुलाबी थुंकी राहते. दाढा येत असतील असे मी समजले. मग तिच्या शाळेत वक्तृत्वाच्या बक्षिसांचा कार्यक्रम होता. तिला बक्षीस होते. ती म्हणाली, "कॅन जस्ट डॅड कम?"

मी "का गं?" असे पुन्हा पुन्हा विचारले तेव्हा तिने सांगितले. वरच्या ओठावरचा तीळ आणि समोरच्या दाताचा उडालेला कोपरा यांवरून तिने ओळखले होते. "एव्हरीवन वेंट यक," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आय वेंट यक टू, मम. लाउडर." कार्यक्रमाला माझे यजमान सुशील एकटे गेले. घरी आल्यावर त्यांनी मला व्हिडिओ दाखवला. ओवी छान बोलली होती.

६. जुलैमध्ये मला माउंट भागाजवळच्या एका खासगी क्लिनिकमध्ये प्रशिक्षणाची जागा मिळाली. ते दिवस चांगले होते. डॉक्टरांच्या हाताला हात लावून काम करणे मला जमत होते, घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलणे जमत होते. एकदा पाणी प्यायला मी मास्क खाली घेतला तेव्हा तिथे आईसोबत आलेला एक लहान मुलगा होता. तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "इट्स द व्हॅन लेडी." मग तो रडू लागला आणि डॉक्टरांनी काहीही केले तरी त्याने तोंड उघडले नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंनी मला सांगितले की चहाच्या खोलीतही मास्क घालून बसशील तर बरे. मास्क घालून जेवता येत नाही, हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "यू हॅव अ कार, डोन्ट यू?" तेव्हापासून मी गाडीत डबा खात असे. पुढे मला अवजारे धुण्याच्या खोलीत ठेवले आणि त्यानंतर जागाच काढून घेतली. कारण असे कळवले की मुले मला ओळखतात आणि घाबरतात.

७. तेव्हा मी आपल्याकडे तक्रार केली. आपण उत्तर दिलेत की फोटोत व्यक्ती ओळखू येत नाही, म्हणून परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही. मी क्लिनिकचे कारण आपल्यापुढे ठेवले. आपण म्हणालात, ते मूल फार लहान आहे, त्याचे बोलणे धरता येणार नाही. मला चांगले ओळखणारी, समजत्या वयाची व्यक्ती असेल तर तपासणी करता येईल. मी रागाच्या भरात बोलून गेले की माझ्या मुलीने ओळखले आहे. सुशील म्हणाले, "तिला यात ओढू नकोस." मी ऐकले नाही. मला जिंकायचे होते.

८. तपासणीच्या दिवशी आपण ओवीशी फार चांगले वागलात, हे मी नमूद करते. आपण तिच्यासाठी हॉट चॉकलेट मागवलेत, तिच्या शाळेची चौकशी केलीत. टेबलावर सहा तोंडांचे फोटो मांडले होते. विषयाच्या जाणकार म्हणून मृदुलाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. मला काही बोलण्याची परवानगी नव्हती.

आपण ओवीला विचारलेत की यांत तुझी आई आहे का, सावकाश बघ. तिने सगळे फोटो पाहिले. माझ्या फोटोवर ती सर्वांत कमी थांबली. मग ती म्हणाली, "शी इज नॉट हिअर." आपण पुन्हा विचारलेत. तिने आपल्याकडे बघून तेच सांगितले. तिचा आवाज वक्तृत्वाच्या व्हिडिओत होता तसाच स्वच्छ होता. मृदुलाबाई मराठीत म्हणाल्या, "शहाणी आहे हं मुलगी." आपण अर्थ विचारलात तेव्हा त्यांनी सांगितले, मुलगी हुशार आहे.

गाडीत बसल्यावर ओवीने पट्टा लावला आणि ती म्हणाली, "इट्स नोबडी नाऊ, मम. सो इट कान्ट बी यू." तिला वाटत होते की तिने माझ्यासाठी काहीतरी केले आहे. ते खरेच माझ्यासाठी केले की स्वतःसाठी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मला तिचा राग आला नाही असे लिहिले तर ते खरे होणार नाही. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही, आणि हा अबोला सहज नसून शिक्षा आहे हे तिला समजावे अशीच माझी इच्छा होती.

९. आपला निर्णय आला. तक्रार फेटाळली. सोबत सद्भावना म्हणून प्रस्ताव आला की माझे समोरचे दात थोडे थोडे घासून त्यांवर पांढरी कवचे बसवून देण्यात येतील, आणि त्याबदल्यात "आधी" व "नंतर" असे दोन्ही फोटो वापरण्याचा हक्क कॉलेजला राहील. उपचार मृदुलाबाईंच्या देखरेखीखाली होतील. त्यानंतर क्लिनिकच्या जागेचा "सकारात्मक विचार" केला जाईल.

सुशील म्हणाले, "करून घे. तू ओवीच्या बारशाच्या फोटोतसुद्धा तोंड मिटून बसली आहेस." ओवीने एवढेच विचारले की ते दात पांढरे म्हणजे अगदी पांढरे असतील का. मी हो म्हटले. त्या रात्री तिने बेसिन स्वच्छ ठेवले होते.

१०. काल मी आपल्या कार्यालयात फोन करून विचारले की या अर्जाचे भाषांतर कोण करणार. उत्तर मिळाले, कॉलेजातल्याच एक मराठी जाणणाऱ्या प्राध्यापिका. तशा प्राध्यापिका कॉलेजात एकच आहेत. भाषांतर दुसऱ्या कोणाकडून व्हावे असे मी म्हणून पाहिले. तेवढ्यासाठी बाहेरचा माणूस शोधता येत नाही, असे कळले. तेव्हा पुढील चार ओळी त्यांच्यासाठी आहेत, आणि त्याही आपल्यापर्यंत पोचाव्यात अशी विनंती आहे.

मृदुलाताई, इथपर्यंत तुम्ही वाचत आला असाल. तुम्ही मला "राणी" म्हणालात, त्याचे इंग्रजी काय करायचे ते तुमचे तुम्ही बघा. "शहाणी"चे मात्र नीट करा. माझ्या मुलीला तुम्ही त्या दिवशी हुशार म्हणाला नव्हता. ती आईला ओळख न दाखवण्याइतकी समजूतदार आहे, असे तुम्ही म्हणाला होता, आणि त्यातली खोच आपल्या दोघींनाच कळली होती. तुम्ही हे गाळलेत तर मला कळणार नाही. ओवीकडून मी तुमचे इंग्रजी तपासून घेऊ शकते, पण हा अर्ज मी तिला दाखवणार नाही.

११. महोदय, आता माझे मागणे. कॉलेज म्हणते की त्या फोटोवरून मला कोणी ओळखू शकत नाही. क्लिनिक म्हणते की त्या फोटोवरून मला सगळे ओळखतात, म्हणून जागा नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. आपला निर्णय अंतिम आहे, असे त्यातच म्हटले आहे. तेव्हा तो क्लिनिकला कळवावा, आणि जिला कोणी ओळखत नाही अशा विद्यार्थिनीला तिची जागा परत द्यावी.

फोटो व्हॅनवरून काढण्याची मागणी मी मागे घेत आहे. ती चालू ठेवली तर ओवीला पुन्हा बोलवावे लागेल, आणि पुन्हा ते सहा फोटो मांडावे लागतील. यापुढे तिला कोणत्याही कारणासाठी कॉलेजात बोलावू नये.

दातांवरील उपचार मी स्वीकारत आहे. आपण सांगाल त्या दिवशी येईन. चाप लावताना, फोटो काढताना, तोंड हवे तेवढे मोठे करीन. "नंतर"चा फोटो कॉलेजने हवा तिथे वापरावा. व्हॅनवर, माहितीपत्रकावर, टौरंगातल्या बसवर लावला तरी माझी हरकत नाही.

अट एकच आहे. "आधी"चा आणि "नंतर"चा फोटो शेजारी शेजारी लावू नये. तसे लावले तर तीळ दोन्हींत दिसेल, दोन्ही तोंडे एकाच बाईची आहेत हे कोणालाही कळेल, आणि माझ्या मुलीने आपल्यासमोर जे सांगितले ते खोटे ठरेल.

उत्तराची वाट पाहत आहे.

आपली नम्र,

(सही)
कल्याणी सुशील निखाडे
प्रशिक्षणार्थी, दंतसहाय्यक अभ्यासक्रम

स्थळ : पापामोआ, टौरंगा
दिनांक : १६ सप्टेंबर २०२५

सोबत : उपचारांचे संमतिपत्र, सही करून.