एक पान तुला, एक मला

३ मार्च १९५३, विंझर
टाचा सोलवटल्या. विंझरपासून वर दोन डोंगर, आणि वाडी कसली, सात घरं! पण पोथी आहे. घोड्यांच्या रोगांची, पानोपानी चित्रं. पोथीचा मालक गेनबा, त्याचा कुणी पूर्वज पागेवर होता म्हणे.

वाचायला घेतली तर मेळच लागेना. पोटदुखीच्या औषधात एकदम खुराचा रोग! गेनबा शांतपणे म्हणाला, "निम्मी धाकट्याकडं हायती." भाऊ वेगळे झाले तेव्हा भांडी वाटली, बैल वाटले आणि पोथीही वाटली. एक पान तुला, एक मला. गाढवं लेकाची!

अपुरी पोथी आमच्या विद्यापीठाचं ग्रंथालय घेत नाही. निवड समितीचा नियम. दोघांनाही तो सांगितला.

५ मार्च
धाकटा ज्ञानू द्यायला तयार. तो तयार म्हटल्यावर गेनबा बिथरला. "त्यो देतोय व्हय? मंग म्या जाळीन, पर देणार न्हाई." बांधाची, विहिरीची, सगळी जुनी भांडणं निघाली. ज्ञानूनं धोंडा हाणला. गेनबाची भुवई फुटली. बायका मधे पडल्या, त्यांनाही लाथा बसल्या. मी कुंपणाबाहेर उभा.

परत जावं? छे! मागच्या खेपेला भोरहून हात हलवत आलो, तर ग्रंथपाल सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही नुसता एसटीचा प्रवास करता." अजून अंगाचा तिळपापड होतो. ही पोथी त्यांच्या टेबलावर आपटीन तेव्हाच गप्प बसेन.

६ मार्च
ज्ञानूला बाजूला घेतलं. म्हटलं, भावाची पानं तूच आण. कशी, ते तुझं तू बघ.

८ मार्च, नसरापूर
आणली! पहाटे विंझरला माझ्या उताऱ्यावर आला. दोन्ही वाट्यांच्या पानांचं गाठोडं दिलं आणि वळला. सदरा कोपरापर्यंत ओला. दवानं असेल म्हटलं.

संध्याकाळ — एसटीच्या थांब्यावर ऐकलं. गेनबा मेला. कोयत्याचा पहिला घाव हातावर, कारण पानांची पेटी सोडेना. दुसरा मानेवर.

११ मार्च, पुणे
फौजदारानं जबाब घेतला. मी सांगितलं, पोथी आधीच राजीखुशीनं मिळाली होती, भांडण बांधाचं. वाडीही बांधाचंच म्हणते आहे. बरं झालं.

१४ मार्च
एकाआड एक पानं लावली. पोटदुखीला पोटदुखी जुळली. काही पानं चिकटली होती, ती चाकूनं सोडवली. मग ओकलो.

२० मार्च
नाकारली! हीच पोथी आपल्याकडे आहे, हिच्यापेक्षा जुनी आणि स्वच्छ. दोन वर्षं कपाटात पडून आहे. निघण्याआधी कपाट पाहायचं, एवढं साधं काम — मी केलं नाही! ग्रंथपाल म्हणाले, "हिच्यावर डाग फार आहेत. मालकाला परत करा."

मालक! एक मातीत, एक तुरुंगात. माझ्या हातात चाकू असता तर ग्रंथपालांना भोसकलं असतं. नाहीतर स्वतःला.

२९ मार्च
वाडीवर गेलो. गेनबाची साळूबाई आणि ज्ञानूची बनाबाई, दोघी जावा एकाच चुलीपाशी. मी पोथी पुढे ठेवली. पुरी, क्रमानं लावलेली. साळूबाईनं वरचं पान उचलून चुलीत घातलं. बनाबाईनं दुसरं. मग पुन्हा साळूबाईनं. असं शेवटच्या पानापर्यंत.

मग साळूबाई म्हणाली, "च्या झालाय, साहेब. घ्या."

प्यालो.