घराण्याचे कान

४ मार्च
पुन्हा कान! औषध संपून आठवडा झाला नाही, तोच चिमणीची उशी ओली, पिवळी. अंगात ताप. तीन वर्षांची झाली तरी पाण्याला ‘पाई’ म्हणते. नणंदेचं फोनवर तेच – वहिनी, तू आडवं झोपवून बाटली द्यायचीस ना, त्यानंच. दिवसभर मन खात राहिलं.

६ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे. सासूबाई हट्टानं बरोबर. बाईंनी कागदावर काढून दाखवलं – कानातून घशामागे एक बारीक नळी जाते. लहान मुलांची अरुंद, जवळजवळ आडवी. सर्दीत तुंबते, आत पाणी साचतं, पिकतं, ऐकूही कमी येतं. आणि नळीची ठेवण नाकासारखीच घराण्यातून येते. जंतूंशी लढायची ताकदही थोडीफार. नेमकं सगळं अजून कुणालाच उमगलेलं नाही, म्हणाल्या. मी बाटलीचं विचारलं. थोडा हातभार लागत असेल, पण मूळ ते नाही.
घरात आणखी कुणाला? मी नाही म्हणणार, तोच सासूबाई बोलल्या, “मला.”
लहानपणी कान सारखा वाहायचा. उजव्यानं ऐकूच येत नाही. पुढे कापडाच्या कारखान्यात लागल्या. मागांच्या आवाजात सगळ्याच बायका ओठ वाचून बोलायच्या, म्हणून यांचं कुणाला कळलं नाही. परतताना म्हणाल्या, “लोक एका कानानं ऐकतात, दुसऱ्यानं सोडून देतात. मला सोडायची सोयच नव्हती.”
एका घरात राहून मला पत्ता नाही. धन्य बाई!

९ मार्च
नणंद आली. सासूबाईंनी तिला समोर बसवलं. “पोरीला कान माझे आलेत. हिला बोल लावू नकोस.” पोटच्या मुलीसमोर माझी बाजू! मी भांडी घासायच्या निमित्तानं आत गेले आणि रडून घेतलं.

१४ मार्च
ऑपरेशन ठरलं. साचलेलं पाणी निघावं म्हणून कानाच्या पडद्यात तांदळाच्या दाण्याहून लहान नळी बसवणार. भूल कशी देतात, ते मी दोनदा विचारलं. सासूबाई मात्र चिमणीला आवाज न करता बोलायचा खेळ शिकवतायत. दोघी खिदळतात.

२१ मार्च
झालं. चिमणी घरी आली आणि फ्रिजपाशी थबकली. “कोण बोलतंय?” सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

२९ मार्च
घरातल्या सगळ्यांचे कान तपासून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आज नवऱ्याची पाळी. डाव्या कानानं निम्मंसुद्धा ऐकू येत नाही. पडद्याला जुनं भोक. त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं.
लग्न झाल्यापासून मी त्याच्या डावीकडे झोपते. मनातलं जे जे बोलले, ते त्याच बाजूनं, हळू आवाजात. उत्तर आलं नाही की भिंतीकडे तोंड करायचे.
आज त्याच्या उजवीकडे जाऊन बसले. पहिल्यापासून सांगायला घेतलं.