दादाची गाडी खडीवर

४ जानेवारी, रविवार

ठरलं! दादाची गाडी डोंगरावर न्यायची. चालवत न्यायची.

आज फोनवर पुतणी म्हणाली, "काका, बाबा विसरायला लागलेत हो. काल चष्मा डोळ्यावर आणि दुपारभर शोधत होते. परवा आईला हाका मारत होते." वहिनी जाऊन सहा वर्षं झाली.

मग दादा फोनवर आला. आवाज तसाच खणखणीत. "गाडी कशी आहे रे?" "आहे तशीच आहे," मी म्हणालो. इकडचं तिकडचं बोललो, आणि दोन मिनिटांनी पुन्हा — "गाडी कशी आहे?"

तो डोंगरावर लेकीकडे राहायला गेल्यापासून गाडी माझ्या अंगणात आहे. तो तिला विसरायच्या आत ती त्याच्या दारात उभी करायची. बस्स.

अडचण एकच. लाल, दोन सीटची, शर्यतीची गाडी — पोट जमिनीपासून जेमतेम पाच बोटं. आणि पुतणीच्या सरकारी क्वार्टरपर्यंतचा शेवटचा अकरा किलोमीटर रस्ता नुसती खडी. पण मी बस डेपोत चौतीस वर्षं काढलीत ती काय माश्या मारत? गाडी उचलायची. पेन्शनीत बसेल तेवढंच करायचं.

७ जानेवारी

"बसने जा ना," ही म्हणाली. "दोन वर्षांत भावाला एकदाही तोंड दाखवलं नाहीत."

"रिकाम्या हातांनी जाऊ?"

"तुम्ही गेलात तरी पुष्कळ झालं की."

हिला गाड्यांतलं काय कळतंय!

१५ जानेवारी

मागे शाळेच्या व्हॅनच्या स्प्रिंगा बसवल्या. भंगारवाला ओळखीचा, त्याने जुन्यातल्या बऱ्या काढून दिल्या. पुढच्या स्प्रिंगांखाली घालायच्या चकत्या मी स्वतः लेथवर कातल्या. हात अजून थरथरत नाही! गाडी चांगली चार बोटं वर आली. अंगणात उभी आहे, कुणी कॉलर धरून उचलल्यासारखी. दिवसभर शीळ घालत होतो.

१८ जानेवारी, रविवार

दादाचा फोन. "गाडी कशी आहे?" आहे तशीच आहे.

आता ते खोटं आहे, पण अगदी थोडं.

२६ जानेवारी

इंजिनाच्या चेंबरखाली पत्रा हवा. नाहीतर एक दगड लागला की चेंबर फुटणार आणि सगळं तेल रस्त्यावर. आधी जुन्या कपाटाचं दार कापून लावलं. अंगणातल्या पायरीवर टेकलं आणि पापड! मग डेपोतून मोडीत निघालेल्या बसच्या पायरीचा पत्रा आणला. मजबूत कसला! पण इतका जड की गाडीचं नाक दोन बोटं खाली बसलं. म्हणजे वर काय उचललं आणि काय नाही!

ही दारातून बघत होती. "नाकापेक्षा मोती जड," म्हणाली आणि आत गेली. स्वयंपाकघरातला नळ महिनाभर गळतोय, त्याचाही राग असणार.

पुन्हा चकत्या कातल्या. जाडजूड.

१० फेब्रुवारी

टायर आले, रुंद, खोल नक्षीचे. टायरवाल्याने स्वतः बसवले. पण चाक वळवलं की टायर मडगार्डला घासतोय. दोन्ही बाजूंना.

छोटे टायर घालावेत तर खडीवर चाक धरणार नाही. हे टायर ठेवावेत तर मडगार्ड कापावे लागतील. हे आधीच कळायला हवं होतं. शिकाऊ पोराला मी यासाठी झापलं असतं.

१४ फेब्रुवारी

कापलं नाही. ग्राइंडर हातात घेतला आणि ठेवला.

हे मडगार्ड दादाने स्वतःच्या हाताने ठोकून सरळ केलेत. भंगारातून गाडी आणली तेव्हा डावा मडगार्ड नुसता चोळामोळा होता. रोज कामावरून आला की तासभर टकटक, टकटक. मी बॅटरी धरून बसायचो. आठ महिने! मग पुढची तीस वर्षं तिला जुन्या बनियनने पुसत आला. गाडीवर कुणी बोट ठेवलं तरी म्हणायचा, "अहो, जिवंत आहे ती." कच्च्या रस्त्याला एकदाही नेली नाही.

१७ फेब्रुवारी

कापलं. आज दुपारी. चार चाकांवरचे चारही. अर्ध्या तासात.

ठिणग्या उडत होत्या तोवर ठीक होतं. मग ग्राइंडर बंद केला आणि लाल पत्र्याच्या चार फाका पायाशी पडलेल्या दिसल्या. मी खाली बसलो. हिने पाणी आणून दिलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

"गाडी कशी आहे?"

"आहे तशीच."

पुतणीने फोन परत घेतला. "काका, गाडीचं राहू दे. तुम्ही या. ते वाट बघतात. लवकर या." म्हटलं, होतंच आलंय, आता थोडंच राहिलंय.

४ मार्च

सायलेन्सर वर घेतला. पाण्याची टाकी बदलली. चाकांचं अलाइनमेंट तीनदा केलं, तरी डावीकडे ओढते. दादा असता तर एका फेरीत सांगितलं असतं कुठे चुकलंय.

११ मार्च

आजचं लिहायची लाज वाटते.

टायरवाला हवा तपासायला आला होता. गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पत्रा बघितला, कौतुक केलं. मग डोकं खाजवत म्हणाला, "एक विचारू? राग मानू नका. टेम्पोत घालून का नाही नेली?"

खरंच की! टेम्पोत. दोन फळ्या लावायच्या, गाडी चढवायची, दोर बांधायचा. एक दिवसाचं काम. ना स्प्रिंग, ना पत्रा, ना कापाकापी. आहे तशीच पोचली असती!

चौतीस वर्षं बंद पडलेल्या बसेस मी रस्त्यावरच दुरुस्त करून चालवत डेपोत आणल्या. आमच्यात गाडी ओढून आणणं म्हणजे कमीपणा. चाकं आहेत तर चाकांवर जायचं — डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. दोन महिन्यांत एकदाही नाही. अक्कल गहाण ठेवली होती.

हिला सांगितलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्हाला गाडी न्यायची नव्हतीच. जायला उशीर करायचा होता."

१२ मार्च

हिचं खरं आहे. इथे कुणी वाचणार नाही, तर लिहून टाकतो.

दादा डोंगरावर राहायला गेला त्या दिवशी मी त्याला पोचवायला गेलो नाही. घरात बसून राहिलो. रागावलो होतो. मला न विचारता त्याने मुलीकडे जायचं ठरवलं म्हणून. माझ्याकडे राहिला असता — पण मी तरी कुठे म्हटलं होतं, "राहा" म्हणून? तो आला, गाडीची किल्ली हिच्या हातात दिली, दोन मिनिटं दारात उभा राहिला. मी आतल्या खोलीतून बाहेर आलो नाही. त्याचा खोकला ऐकत बसलो.

मग जायचं म्हटलं की ती दोन मिनिटं आडवी यायची. हात भरलेले असतील तर तोंड उघडावं लागणार नाही, असं वाटलं. चूक झाली. फार चूक झाली.

२२ मार्च, रविवार

दादा फोनवर आला नाही. पुतणी म्हणाली, झोपलेत. मागून त्याचा आवाज येत होता.

२९ मार्च, रविवार

आजही नाही.

५ एप्रिल, रविवार

पुतणी रडली. "काका, अजून किती दिवस?"

कापलेल्या कडांना रबर लावायचं राहिलंय. रंगही उडालाय. म्हटलं, खड्ड्यात गेला रंग! आठवडाभरात निघतो. आधी ब्रेक तेवढे बघतो, घाटाचा रस्ता आहे.

११ एप्रिल

उद्या पहाटे निघायचं. हिने दादासाठी स्वेटर विणलाय, तो सीटवर ठेवला. कधी विणला कळलंच नाही, मी गाडीखाली होतो.

काय बोलायचं ते पाठ केलंय. आधी मडगार्डबद्दल माफी. मग दुसरी, त्या दिवशीची. दुसरीच आधी मागावी. तो शिव्या देईल, देऊ दे.

१२ एप्रिल, रविवार

पोचलो. अकरा किलोमीटर खडी, चेंबरला खरचटलं नाही.

दादा पायरीवर बसला होता. गाडी लांबूनच ओळखली! काठी टाकून आला, कापलेल्या मडगार्डवरून हात फिरवला, वाकून चाकं बघितली आणि हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मिस्त्री, झकास काम केलंत. थांबा जरा, लगेच जाऊ नका. माझा धाकटा भाऊ यायचाय. त्यालाही दाखवू."

मी थांबलो.